दाराआडची तार

"म्हणजे माझ्यासारखाच की," आबा म्हणाले आणि पुन्हा आमटीत भाकरी कुस्करायला लागले.

केदारचा घास तोंडातच राहिला. टेबलापलीकडे अनिका तिच्या कामाबद्दल सांगत होती. ह्यूस्टनच्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत, जुनी कागदपत्रं सांभाळायच्या विभागात ती नोकरीला होती आणि सध्या तिच्यापुढे एका स्कॉटिश दुकानदाराची खोकी आली होती. मॅकफी नावाचा हा गृहस्थ कुठल्याशा खेड्यात चहा, साखर, मेणबत्त्या विकायचा आणि गावात कोणी गेलं की दुकानामागच्या शेडमध्ये शवपेटीही तोच ठोकायचा. पुढे त्याची पतवंडं टेक्सासात आली आणि त्यांच्याकडून हे कागद लायब्ररीत आले. आबांना इंग्रजी येत नाही, म्हणून अनिका हे सगळं तिच्या मराठीत सांगत होती. "आजोबा, तो शुगर विकायचा, आणि मेलेल्या लोकांसाठी बॉक्स पण तोच बनवायचा." एवढं आबांना चटकन कळलं. केदारच्या मते नको तितकं कळलं.

"बाबा, आजोबा काय म्हणाले? सेम कसं?"

"किराणा," केदार घाईने म्हणाला. "त्यांचंपण ग्रोसरीचं दुकान होतं ना, ते म्हणतायत."

आबांनी मान वर करून मुलाकडे एकदा पाहिलं. मग सुनेकडे, हिमानीकडे ताकाची वाटी मागितली आणि जेवत राहिले.

आता केदारबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला तो उगाच वाईट वाटेल. तसा तो वाईट नाही. ह्यूस्टनलगतच्या शुगर लँडमध्ये ऐसपैस घर, एका एनर्जी कंपनीत पाइपलाइनचा इंजिनियर, मराठी मंडळाचा खजिनदार. मंडळाच्या गणपतीचं मखर वर्षभर त्याच्या गराजमध्ये असतं आणि त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. फक्त एका बाबतीत तो वयाच्या दहाव्या वर्षी जिथे होता तिथेच अजून उभा आहे.

बोरखेडला आबांचं दुकान होतं. पुढच्या बाजूला गूळ, डाळी, साबण, काडेपेट्या. फळ्यांच्या वर ओळीने लोखंडी तारा टांगलेल्या आणि त्यांत पावत्या, चिठ्ठ्या, बिलं टोचलेली. मागच्या दाराआड मयताचं सामान असायचं. बांबू, कामट्या, सुतळी, मडकी, पांढरं कापड. गावात कोणी गेलं की माणूस मुकाट्याने मागच्या दाराशी येऊन उभा राहायचा. आबा काही विचारायचे नाहीत. काटा तसाच टाकून उठायचे, सामान काढून द्यायचे आणि मागोमाग जाऊन तिरडीही स्वतःच्या हाताने बांधून द्यायचे. कुठली आळी, कुठलं घर, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. परत आले की आंघोळ करून एक चिठ्ठी लिहायचे आणि दाराआडच्या वेगळ्या तारेत ती टोचायचे.

शाळेत केदारला 'तिरडीवाल्याचा' म्हणत. त्याच्या खिशातली पेपरमिंटची गोळीसुद्धा कोणी घेत नसे. एकदा मधल्या सुट्टीत चार पोरांनी त्याला आडवा खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली आणि पाचवा पुढे फुटकं मडकं धरून चालला. केदार वर आडवा पडून हसत होता, कारण रडला असता तर त्यांनी दुसरी फेरी मारली असती. घरी त्याने हे कोणाला सांगितलं नाही. लग्न ठरताना पुण्याच्या मंडळींनी वडील काय करतात असं विचारलं तेव्हा तो 'व्यापारी' म्हणाला. हिमानीच्या वडिलांनी 'होलसेल का?' विचारलं, तर त्याने अर्धवट मान हलवली. ती मान आता तीस वर्षं अर्धवटच राहिली होती. अनिकाच्या लेखी आजोबा 'मर्चंट' होते.

आई गेली तेव्हा विमान मिळून गावी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. रत्नाबाईंची तिरडी आबांनीच बांधली, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. केदारने पुढे काही विचारलं नाही. त्यानंतर रस्ता रुंद करताना दुकान गेलं आणि आबा मुलाकडे कायमचे राहायला आले. येताना हिमानीने फोनवर दहादा सांगूनही त्यांनी मेतकूट आणलं नाही की काळा मसाला आणला नाही. एक अख्खी बॅग भरून तारांसकट दुकानाचे कागद आणले. इतकी वर्षं सांभाळलेले कागद रस्त्याच्या मुरमात घालवायचे का, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर त्या जेवणानंतर अनिकाच्या डोक्यात आलं की मॅकफीच्या शेजारी आजोबांचे कागद मांडायचे. दोन खेड्यांतले दोन दुकानदार, असं छोटं प्रदर्शन. तिची साहेबीण खूश झाली. आबा तर असे खूश झाले की त्यांनी दोन दिवस दाढी सकाळऐवजी संध्याकाळी केली, आपल्या नादात. जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर पसरून त्यांनी एकेक तार पुसली. अनिका शेजारी बसून फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायची. ही रॉकेलच्या वाटपाची, ही बियाण्याची, ही शाळेच्या खाऊची. बॅगेतले कागद लायब्ररीसाठी एका खोक्यात भरले होते, त्याच्या तळाशी मांजरपाटाच्या पिशवीत एक तार बांधलेली होती. तिला आबांनी हात लावू दिला नाही. "ही सगळ्यात शेवटी सांगतो. ही घाईत सांगायची नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी केदारने खोकं लायब्ररीत पोचवायची जबाबदारी आपण होऊन घेतली. ऑफिसच्या वाटेवरच आहे, ड्रॉप करतो, म्हणाला. हिमानीने त्याच्याकडे चमकून पाहिलं, कारण हा माणूस वाटेवर असलेलं दूधसुद्धा आणायला विसरतो. गराजमध्ये गाडीची डिकी उघडून त्याने खोक्याच्या तळातून पिशवी काढली. आधी ती मखराच्या थर्माकोलमागे ठेवली. पण शनिवारी मंडळाची माणसं मखर न्यायला येणार होती, कोणीतरी पिशवी उघडणार, आणि मग मंडळात जन्मभर तेच. शिवाय असलं अशुभ गणपतीच्या सामानात कशाला, असंही त्याने स्वतःला सांगितलं. कागदाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायचा, अशी त्याला सवय. त्याने तसा नमस्कार केला आणि पिशवी रिसायकलिंगच्या डब्यात ठेवली. एकही चिठ्ठी वाचली नाही.

सकाळी ट्रकच्या लोखंडी हाताने डबा उचलून पालथा केला, तेव्हा तो कॉफीचा कप घेऊन खिडकीत उभा होता. त्याला हलकं वाटलं. खरं ते सांगायला हवं: त्याला सुटल्यासारखं वाटलं.

अनिकाला तो म्हणाला की आजोबांनी ती पिशवी काढून ठेवली बहुतेक. आबांशी तो काही बोललाच नाही. प्रदर्शनापर्यंत म्हातारा माणूस विसरेल, असा त्याचा हिशोब होता.

दिवाळी तोंडावर आली होती तरी ह्यूस्टनचा उकाडा काही हटत नव्हता. प्रदर्शनाच्या दिवशी आबांनी इस्त्रीचा नेहरू शर्ट घातला, टोपी घातली. लायब्ररीच्या गार हॉलमध्ये मंडळाची बरीच माणसं आली होती. संग्राम आणि त्याची बायको आली होती. संग्राम मूळचा नागपूरचा, मंडळाचा अध्यक्ष, केदारचा वीस वर्षांचा मित्र. दोन काचपेट्या शेजारी शेजारी होत्या. आबांच्या पेटीवर त्यांचा काउंटरवरचा फोटो आणि खाली इंग्रजीत 'मर्चंट'. हा शब्द अनिकाने बाबांना विचारूनच घातला होता.

गर्दी मात्र मॅकफीच्या पेटीपुढे होती. तिथे त्याची शवपेट्यांच्या मापांची वही उघडून ठेवली होती. लोक वाकून वाचत होते आणि वाचून झालं तरी हलत नव्हते.

आबा तिथेच थांबले. यात काय लिहिलंय, असं त्यांनी नातीला विचारलं.

"ही सगळ्यात इम्पॉर्टंट गोष्ट आहे, आजोबा," अनिका म्हणाली. "शुगरची बिलं सगळ्यांकडे असतात. पण गावात कोण कोण गेलं, त्यांची नावं, ती याच्याकडेच आहेत. काही लोकांचं नाव दुसरीकडे कुठेच नाहीये. बेबीजची पण आहेत. लोक इथे उभं राहून रडतात."

आबांनी वहीकडे बराच वेळ पाहिलं. मग टोपी नीट केली आणि आपल्या पेटीकडे वळले. रॉकेल, बियाणं, खाऊ. त्यांनी काचेवरून बोट फिरवत एकेक तार पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली. केदार त्यांच्या शेजारीच उभा होता. त्याला तिथून हलता येईना.

"केदार," आबा हळू आवाजात म्हणाले, "दाराआडची कुठाय?"

केदारने काचेत पाहिलं तर तिथे त्याचाच चेहरा दिसत होता.

"ती पिशवीतली तार का, आजोबा?" अनिकाने मागून विचारलं.

आबांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना काय कळायचं ते तेवढ्यात कळलं असावं, कारण नातीकडे वळताना ते हसले.

"काही नाही, बाळा. मीच कुठंतरी ठेवून विसरलो वाटतं. म्हातारपणी ध्यानात राहत नाही."

केदारला शरम वाटली. लहानपणी खांद्यावरून मिरवलं तेव्हा वाटली होती ती ही नव्हे. ती दुसऱ्यांनी दिलेली होती. ही त्याची स्वतःची होती, आणि वडिलांनी ती सगळ्यांदेखत आपल्या अंगावर घेतली होती. त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. पण चहा-सामोसे मांडले होते, माणसं हात मिळवत होती, आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच त्याने केलं. तो मोठमोठ्याने बोलायला लागला. ट्रॅफिकवर बोलला, हवेवर बोलला. समोर संग्राम दिसला तसा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय यार, यंदा फराळाची ऑर्डर दिलीस की नाही? की वहिनींनी घरीच चकल्यांचा घाट घातलाय?"

आजूबाजूच्या चारपाच जणांनी माना वळवून केदारकडे पाहिलं. संग्रामची आई ऑगस्टमध्ये नागपूरला वारली होती. व्हिसाचे कागद अडकलेले, त्यामुळे तो जाऊही शकला नव्हता. सगळं फोनच्या स्क्रीनवर पाहिलं त्याने. केदारने मंडळाच्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्रही पाठवलं होतं.

"यंदा नाही रे आमच्याकडे," संग्राम म्हणाला आणि हातातली कागदी प्लेट नीट करत राहिला. त्याची बायको पाणी आणायच्या निमित्ताने बाजूला झाली. केदारने सॉरी म्हटलं, ते कोणालाच नीट ऐकू गेलं नाही. दोन पावलांवर आबा खुर्चीत चहाचा कप घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

परतताना हिमानी अनिकाला मदत करायला मागे थांबली, म्हणून गाडीत दोघेच होते. गाडी फ्रीवेला लागली.

"टाकलीस?" आबांनी विचारलं.

"हो."

"लोक बघतील म्हणून."

केदारने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "अनिकाला कळू नये म्हणून," तो म्हणाला, आणि ते तोंडून बाहेर पडल्यावर त्याला जास्तच वाईट वाटलं.

आबा खिडकीबाहेर पाहत होते. रागावले असते तर केदारला बरं वाटलं असतं. ते बोलले ते दुकानात एखाद्याला मालाची माहिती द्यावी तसं.

"तुला वाटलं ती वसुलीची तार. त्या सामानाचे पैसे मी कधीच लिहिले नाहीत. कुणी आणून दिले तर घ्यायचे, नाहीतर नाही. ती तार मी नवरात्र संपलं की काढून वाचायचो. वर्षात ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याच्या घरात दिवाळीला तळण नसतं. तो बिचारा मीठ-मिरची न्यायला यायचा अन् आपण गिऱ्हाइकाच्या गडबडीत विचारायचं, यंदा डाळीचं पीठ किती देऊ? चार माणसांत त्यानं काय सांगावं? एकदा मी विचारलं होतं एका बाईला. पोरगं गेलं होतं तिचं. तिनं पिशवी तिथंच ठेवली आणि निघून गेली. तेव्हापासनं लिहायला लागलो. अन् पाडव्याला तुझी आई त्या सगळ्यांच्या घरी फराळाचा डबा पाठवायची."

ते डबे केदारला आठवले. फडक्यात गुंडाळलेले, ओसरीवर ओळीने ठेवलेले. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आई काहीतरी पाठवते, असं तो इतकी वर्षं समजत होता.

"मग दाराआड का ठेवायचात?" त्याने विचारलं. खरं तर हा प्रश्न त्याला दहाव्या वर्षीच विचारायचा होता.

"समोर टांगली असती तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचली असती. दुसऱ्याचं दुःख काय फळीवर मांडायचं?" आबा म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "तुझ्या आईचीही होती त्यात. सगळ्यात वरची. तिच्यानंतर मी कुणाची लिहिली नाही."

केदारने गाडी पुढच्या एक्झिटला घेतली आणि एका पेट्रोल पंपाच्या कडेला उभी केली. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून तो बसून राहिला. रडू आलं ते त्याने आवरलं नाही. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते शेजारी बसून राहिले आणि एसी जास्त होतोय म्हणून त्यांनी समोरची जाळी बंद केली.

घरी आल्यावर आबांनी कपाटातून ड्रायक्लीनरकडचा तारेचा हँगर काढला आणि पक्कड मागितली. हँगर सरळ केला, खालचं टोक वळवलं, वरचा आकडा टोकदार ठेवला. तार जशी हवी तशी झाली. मग प्रदर्शनाच्या माहितीपत्रकाच्या कोऱ्या बाजूचे त्यांनी दोन तुकडे फाडले.

"संग्रामच्या आईचं नाव काय?"

केदारला ते माहीत नव्हतं. त्या दोनदा अमेरिकेत आल्या होत्या, त्याच्या घरी राहिल्या होत्या, त्यांच्या हातच्या पाटवड्या त्याने बोटं चाटून खाल्ल्या होत्या. काकू म्हणायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने संग्रामला फोन लावला. आधी मघाच्या बोलण्याची माफी मागितली. संग्राम जाऊ दे म्हणाला, आणि ते त्याने खरंच जाऊ दिलेलं नव्हतं, हे आवाजावरून कळत होतं.

"काकूंचं नाव काय होतं रे?" केदारने विचारलं.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"अहिल्या," संग्राम म्हणाला. "का रे?"

केदारच्या ओठांवर काहीतरी सोयीचं उत्तर आलं होतं. ते त्याने गिळलं. "आबा लिहून ठेवतायत," तो म्हणाला, आणि कशासाठी तेही त्याने सांगितलं. बोरखेडचं दुकान, मागचं दार, बांबू, सुतळी, सगळं सांगितलं. वीस वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा.

"इथे कोणी नावच विचारलं नाही यार तिचं," संग्राम म्हणाला. मग तो बराच वेळ आईबद्दल बोलत राहिला आणि केदार ऐकत राहिला. पाडव्याला मी येतो घरी, एवढंच त्याने शेवटी सांगितलं.

फोन ठेवून त्याने कागदावर 'अहिल्याबाई' लिहिलं. पुष्कळ दिवसांनी मराठी लिहीत होता, अक्षर शाळकरी आलं. तो कागद तारेत टोचणार, तेवढ्यात आबांनी त्याचा हात धरला.

"थांब. आधी तुझ्या आईची. ती खाली पाहिजे."

केदारने दुसरा तुकडा ओढला. आईचं नाव लिहायला त्याला पहिल्यापेक्षा खूप वेळ लागला. आबांनी घाई केली नाही. तार त्यांनी स्वयंपाकघरातल्या पँट्रीत, दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवली आणि दार लावून घेतलं.

रविवारी अनिका जेवायला आली. प्रदर्शन छान चाललंय, आजोबांच्या फोटोसमोर लोक फोटो काढतात, वगैरे सांगत होती. मध्येच लोणच्याची बरणी आणायला उठली आणि पँट्रीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मंडळाच्या शाळेत शिकलेलं मराठी ती अजून अक्षर-अक्षर जोडून वाचते. आतून तिचा आवाज येत होता.

"अ-हि-ल्या-बा-ई. र-त्ना... रत्नाबाई." मग ती दारात येऊन उभी राहिली. "हे आजीचं नाव आहे ना? व्हॉट इज धिस, बाबा? कसली तार आहे?"

हिमानीने केदारकडे पाहिलं. केदारने आबांकडे पाहिलं. आबा आमटीत भाकरी कुस्करत होते. या वेळी ते काही बोलले नाहीत.

केदारने हातातला घास ताटात ठेवला.

"बस," तो म्हणाला. "सांगतो."